मागचा डोळा

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आपल्या शाळेच्या मैदानावर जो प्रकार घडला, त्याच्या निदान तीन आवृत्त्या आमच्या कानांवर आल्या आहेत. पहिलीप्रमाणे इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने पाहुण्यांच्या गाडीतील यंत्र बिघडविले. दुसरीप्रमाणे पाहुण्यांची दृष्टीच अधू होती. तिसरीत तर त्या गाडीला आपण होऊन मागे जाण्याची खोड होती म्हणे! या तिन्ही हकीगती खोट्या आहेत. खरी हकीगत आम्हांस ठाऊक आहे, कारण त्या वेळी गाडीत पुढच्या आसनावर आम्हीच बसलो होतो. वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप संपादक-मंडळाकडून आला तेव्हा शरदातील चांदण्यावरचा एक लघुनिबंध आमच्या वहीत तयार होता. तो बाजूला ठेवून आम्ही हे लिहावयास बसलो आहोत.

आरंभ आमच्या मामांपासून करणे प्राप्त आहे. आमचे मूळ गाव गोव्यातील फोंडा. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि नोकरीनिमित्त इंदुरास आल्यापासून बाजारात हिंदी, अशा तीन घाटांचे पाणी आम्ही रोज पितो. मामांचे मात्र एकाच भाषेवर भागते. त्यांचे मडगावात रेडिओ दुरुस्त करण्याचे दुकान होते. वय झाले, रेडिओही गेले. तेव्हा मामांनी दुकान मोडले आणि त्या पैशांतून एक जुनी प्रवासी गाडी घेतली. तिच्यातील आसने काढून आत दोन निजण्याच्या फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि कपड्यांचे कपाट बसवून घेतले. अशा गाडीस इंग्रजीत मोटरहोम म्हणतात. सरकारी कागदांत 'कॅरॅव्हॅन' हा शब्द येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठी एक स्वतंत्र धोरणच जाहीर केले आहे. आपल्या मराठीत त्यासाठी शब्द शोधावयास नकोच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, हे आपण केव्हाचे म्हणत आलो आहोत.

तर हे बिऱ्हाड घेऊन मामा आणि मामी फोंड्याहून निघाले. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, धुळे असे मुक्काम करीत, बिजासनचा घाट चढून, खलघाटास नर्मदा ओलांडून ते पाचव्या दिवशी इंदुरास आमच्या दारी आले. दारी म्हणजे दारापासून दोनशे पावलांवर. रामबागेतील आमच्या गल्लीत ती गाडी शिरणे शक्य नव्हते. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने तिला शाळेच्या मैदानावर निंबाच्या पाराशेजारी जागा मिळाली. मूळ गाडी इंदूरजवळच्या पिथमपूरच्याच एका कारखान्यात तयार झालेली होती. "माहेरी आली गो बाये!" असे म्हणून मामींनी तिच्या पत्र्यावरून हात फिरविला.

या गाडीला मागे पाहावयाची काच नाही. जेथे काच होती तेथे आता कपाट आहे. म्हणून मागच्या बाजूस, छपराच्या कडेखाली, मुठीएवढा एक कॅमेरा बसविलेला आहे आणि चालकासमोर सात इंचांचा एक पडदा. मागे जाण्याचा गिअर टाकला की मागे जो पांढरा दिवा लागतो, त्याच दिव्याच्या तारेतून एक फाटा पडद्याकडे येतो. 'आता मागे जावयाचे आहे' अशी वर्दी त्या फाट्यातून मिळते आणि पडदा जागा होतो. कॅमेऱ्याला लागणारी वीज आणि कॅमेऱ्याकडून येणारे चित्र ही दोन्ही एकाच जाड तारेतून जातात. ती तार गाडीच्या पोटाखालून पुढे गेलेली आहे. एवढेच काय ते यंत्र.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९५६ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने ब्यूक सेंच्युरियन नावाची एक प्रदर्शनी मोटार बनविली होती. तिच्यात आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि पुढे पडदा बसविला होता. ती गाडी बाजारात कधी आली नाही. बाजारातील गाडीत अशी सोय यावयास १९९१ साल उजाडावे लागले. जपानात टोयोटा कंपनीच्या सोअरर या गाडीत ती प्रथम मिळू लागली. आता तर साध्या मोटारींतूनही ती दिसते. आमच्या मामांना हे सारे ठाऊक होते. रेडिओवाल्या माणसाला अशा गोष्टी जेवणापेक्षा अधिक प्रिय असतात.

मामा आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहकुटुंब महेश्वरास गेलो. महू, मानपूर, धामणोद असा सुमारे नव्वद किलोमीटरांचा तो रस्ता. अहिल्याबाईंचा वाडा, माग, घाटाच्या पायऱ्या, पायऱ्यांवरून दिसणारे नर्मदेचे विशाल पात्र, यांविषयी आपल्याच वार्षिकात इतके लेख आले आहेत की आम्ही त्यांत भर घालीत नाही. आमच्या हकीगतीशी संबंध आहे तो परतीच्या वेळेचा. तिन्हीसांजा झाल्या होत्या. गाडी एका अरुंद गल्लीत उभी होती आणि ती मागे घेऊनच बाहेर काढावयाची होती. मामांनी गिअर टाकला. पडद्यावर क्षणभर गल्ली दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली, आणि मग सारा पडदा निळा झाला. वर इंग्रजीत दोन शब्द उमटले. त्यांचा अर्थ, संदेश येत नाही.

मामांनी आम्हांस खाली उतरविले. "मास्तर, फाटीं वच!" म्हणजे मागे जा. आमच्या लहानपणी फोंड्याच्या बाजारात मालमोटारीच्या मागे क्लीनर उभा राहून पत्र्यावर थापा मारीत जे ओरडे, ते आम्ही महेश्वरच्या गल्लीत ओरडू लागलो. "येवं दी, येवं दी, येवं दी... राव!" येवं दी म्हणजे येऊ द्या, आणि राव म्हणजे थांबा. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसे जमली. हा कोणता मंत्र आहे, असे एका वृद्ध गृहस्थांनी आमच्या पत्नीस आदराने विचारले. गाडी मात्र ओरखडाही न उठता बाहेर आली.

नवल पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर मामांनी गिअर टाकून पाहिला, तर चित्र लख्ख! पार, निंब, भिंत, सारे जागच्या जागी. संध्याकाळी पुन्हा निळा पडदा. तिसऱ्या दिवशीही तोच क्रम. "दिसाचें दिसता आनी रातचें दिसना!" मामा पुन्हा पुन्हा म्हणत आणि दाढी खाजवीत. आम्हांस वाटले, रात्री दिसत नाही यात विशेष ते काय? रात्री कोणासच दिसत नाही! कलाशाखेचे शिक्षण येथे उघडे पडते. न दिसणे आणि न कळविणे यांत भेद आहे. कॅमेऱ्यासमोर अंधार असेल तर पडदा काळा होतो. तेव्हा कॅमेरा शाबूत असून तो प्रामाणिकपणे अंधारच दाखवीत असतो. पडदा निळा होतो तेव्हा कॅमेऱ्याकडून काही येतच नसते. मामांनी आम्हांस हा काळ्या-निळ्याचा भेद समजाविला तेव्हा वर्गातील दोन मुले आमच्या डोळ्यांपुढे आली. उत्तर येत नाही असे सांगणारा एक, आणि हजेरीलाच नसलेला दुसरा.

रविवारी स्नेहसंमेलनाच्या तालमी होत्या. तालीम आटोपलेली मुले गाडीभोवती जमली. त्यांतील दोघांना मामांनी हाताशी घेतले: नववीतील एक मुलगा, ज्याच्या हातास कोणतेही बटण चुकत नाही, आणि दहावीतील एक मुलगी, जी प्रश्न विचारल्याशिवाय काहीच मान्य करीत नाही. मामांची हिंदी आणि मुलांची कोंकणी यांचा मेळ कसा बसला, देव जाणे, पण बसला. दुपारपर्यंत ती मुले एकमेकांना "राव, राव" म्हणू लागली होती.

दुरुस्तीची मामांची रीत आम्हांस मोठी आवडली. आम्ही असतो तर गाडीचे एकेक अंग उघडीत बसलो असतो. मामा म्हणाले, आधी रोगाचे दोन भाग करावयाचे आणि एक भाग फेकून द्यावयाचा. मग उरलेल्याचे पुन्हा दोन. पडदा उजळतो, म्हणजे पडद्याची वीज, त्याचा फ्यूज आणि मागच्या दिव्याकडून येणारी वर्दी यांकडे पाहावयास नको. राहिली तार आणि राहिला कॅमेरा. मामांनी कॅमेरा काढून पुढे आणला आणि हातभर लांबीच्या सुट्या तारेने तो थेट पडद्याला जोडला. त्यावर चादर टाकली. पडद्यावर चादरीच्या आतला अंधार दिसला, करडा आणि स्थिर. निळा रंग काही आला नाही. म्हणजे कॅमेराही निर्दोष. उरली ती गाडीच्या पोटाखालची आठ मीटर तार.

"पण मग दिवसा का चालते?" दहावीतील मुलीने विचारले. प्रश्न अगदी बिनतोड होता. मामा हसले. त्यांनी तिच्याकडून मोबाइल मागून घेतला, कॅमेऱ्यापुढे धरला आणि वर चादर टाकली. मोबाइलच्या पडद्यावर त्या मुठीएवढ्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती जांभळट ठिपक्यांचे एक कडे चमकू लागले. डोळ्यांनी पाहिले तर काहीच नाही! ते अवरक्त किरणांचे दिवे होते. आपल्या डोळ्यांना ते किरण दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यांना दिसतात. अंधार पडला की हे दिवे आपोआप लागतात, आणि दिवे लागले की कॅमेऱ्याची विजेची भूक वाढते. दिवसा घोटभर पाण्यावर भागते, रात्री तांब्याभर लागते.

मग मामा गाडीखाली शिरले. कॅमेरा पुन्हा जागेवर लावून, त्याच्या जवळच्या तारेत दोन टाचण्या टोचून त्यांनी मल्टिमीटरने दाब मोजला. कॅमेरा तोडून ठेवला असता १२.४ व्होल्ट, म्हणजे पूर्ण. कॅमेरा जोडला असता १०.३. भिंगावर हाताचा पंजा ठेवला, आतले दिवे लागले, तो काटा, म्हणजे आकडा, धाडकन सहाच्या आसपास आला आणि पडदा निळा झाला. हात काढताच चित्र परत! मुलांनी हा खेळ पाचदहा वेळा केला. मामांनी मुलीस विचारले, किती व्होल्ट वाटेत हरवले? २.१. कॅमेऱ्याच्या पत्रकात दिवसाचा प्रवाह किती लिहिला आहे? ७० मिलिअँपिअर. मुलीने जमिनीवर काडीने ओहमचा नियम मांडला, भागाकार केला आणि म्हणाली, "३० ओहम." वाटेत कोठेतरी ३० ओहमचा चोर बसला आहे, असा त्याचा अर्थ. दिवसा तो थोडे घेतो आणि आपले भागते; रात्री मागणी तिप्पट झाली की त्याची चोरीही तिप्पट होते. पुस्तकातील तो नियम आम्हीही एके काळी पाठ केला होता. तो मातीत काडीने लिहिलेला पाहिला आणि प्रथमच त्याचा उपयोग कळला. विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हांस क्षमा करावी.

चोर सापडला तो मागच्या चाकाजवळ. गाडी सजविणाऱ्या कारागिराने तारेचा एक जोड नेमका तेथे ठेवला होता, जेथे चाकाचे पाणी आणि चिखल थेट उडतो. जोडाची फिरकी सोडली. आत चार बारीक पिना. त्यांतील एकीवर असा हिरवट कळंक चढला होता की ती पितळेची आहे हे सांगावे लागले असते. गोव्याचे चार महिने आणि समुद्राची हवा यांनी आपले काम केले होते. मामांनी ती घासून पाहिली, तो तिचा अर्धा भाग हातात आला. मग आम्ही जेलरोडवर जाऊन नवी तार आणली. मामांनी ती ओढली, जोड गाडीच्या आत कपाटामागे घेतला आणि बाहेरच्या तारेला मुद्दाम खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तारेवरून वाहत आत न जाता झोळाच्या टोकाशी गळून पडेल. चार वाजता भिंगावर चादर टाकून परीक्षा घेतली. पडदा निळा झाला नाही. मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि मामा हातपाय धुवून चहा घ्यावयास मामींच्या शेगडीकडे गेले.

येथपर्यंतची हकीगत सर्वांना ठाऊक आहे. पुढची नाही.

मामा चहा घेत असता आम्ही चालकाच्या आसनावर जाऊन बसलो. नववीतील तो मुलगा खिडकीशी उभा होता. पडद्यावर मैदानाची भिंत दिसत होती आणि भिंतीवर सुविचाराचा फळा. त्या फळ्यावरील अक्षरे आमच्या हातची. आपले अक्षर बरे आहे, असा आमचा समज आहे. तो समज आम्हांस सोडवत नाही. आणि पडद्यावर ती अक्षरे उलटी दिसत होती! काने डाव्या बाजूस, वेलांट्या भलतीकडे, ओळ उजवीकडून सुरू झालेली. इतका खटाटोप करून चित्र मिळविले आणि ते हे असे? आम्ही मुलास म्हणालो, "अरे, एवढे केलेस, तर ही अक्षरेही सरळ होतात का पाहा." तो म्हणाला, "सर, मामांना विचारू का?" आम्ही म्हणालो, "एवढ्यासाठी काय विचारावयाचे?" हे आमचे शब्द जसेच्या तसे आहेत. त्याने पडद्याखालची बटणे दाबली, एक यादी उघडली, तीत 'मिरर' अशी एक ओळ होती, तिच्यापुढील खूण त्याने काढली. अक्षरे सरळ झाली. आम्ही सुविचार मोठ्याने वाचला आणि मुलाची पाठ थोपटली.

मामा आले. गाडी मागे घेऊन, वळवून, रात्रीसाठी फाटकाजवळ लावावयाची होती. आम्ही सरकून डाव्या आसनावर बसलो. एरवी आम्ही खाली उतरून मागे उभे राहिलो असतो. पण आता मागचा डोळा बरा झाला होता, मग येवं दीची गरज काय? शिवाय चित्र पाहावयाचे होते. आम्ही पडद्यावर वाकलो. आमचे डोके मामा आणि डावा आरसा यांच्यामध्ये आले, हे आमच्या ध्यानीही आले नाही.

गाडीच्या मागे डाव्या अंगास निंबाचा पार आहे. आमची पाच वर्षांची कन्या त्या पाराच्या कडेवर पाय सोडून बसली होती आणि तारेचे तुकडे ओवून त्यांची माळ करीत होती. मामांनी तिला पाहिले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण त्यांची दृष्टी अधू असल्याचे बोलले जाते. त्यांनी तिला स्पष्ट पाहिले. पडद्यावर ती उजव्या बाजूस दिसत होती. तिला अधिक जागा मिळावी म्हणून त्यांनी चाक डावीकडे फिरविले. गाडीचे मागचे अंग डावीकडे गेले. पडद्यावर पार दूर जाण्याऐवजी जवळ आला. मामांनी आणखी थोडे डावीकडे फिरविले. आम्ही ते चित्र पाहत होतो. मुलगी मोठी होत होती. तिच्या हातातील माळेत एक तांबडी तार आहे, हेसुद्धा आम्हांस दिसले. आणि तरीही आमच्या मनात आले ते एवढेच की चित्र किती स्वच्छ आहे!

"राव! राव!"

ती आरोळी दहावीतील त्या मुलीची. ती फाटकाशी उभी होती. आणीबाणीच्या वेळी तिच्या तोंडी मराठी आले नाही, हिंदी आले नाही. दिवसभर ऐकलेला तो एक परका शब्द आला, आणि तोच मामांच्या पायापर्यंत सर्वांत लवकर पोहोचला. गाडी जागच्या जागी थांबली. आम्ही उतरून धावलो. गाडीचे मागचे लोखंड आणि पाराचा दगड यांमध्ये हातभर अंतर होते, आणि त्या हातभर अंतरात आमच्या मुलीचे दोन पाय लोंबत होते. ती माळ ओवीतच होती. गाडी इतकी जवळ का आली, असे तिने आम्हांस विचारले.

मामा पारापाशी आले. "चली बरी आसा मू?" एवढेच त्यांनी विचारले आणि ते पाराच्या दगडावर बसले. मग उठून गाडीत गेले, पडद्याकडे पाहिले, सुविचार पाहिला. "हें चित्र फटयता," ते म्हणाले. हे चित्र फसविते. अक्षरे सरळ दिसताहेत, म्हणजेच चित्र चुकीचे आहे.

मागे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूस असतो. कॅमेरा हा असाच मागे तोंड करून उभा राहिलेला माणूस. तो पाहतो तसे चित्र चालकाला दाखविले तर चालकाची डावी बाजू उजवी होईल. म्हणून ते चित्र मुद्दाम उलटवितात, म्हणजे आरशात दिसते तसेच पडद्यावर दिसावे आणि डावे ते डावेच राहावे. त्यात अक्षरे उलटी होतात, होऊ द्यावयाची. दहावीतील मुलगी म्हणाली, "सर, रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला नाव उलटे लिहितात, ते पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसावे म्हणूनच ना?" ही गोष्ट आम्ही स्वतःच तिच्या वर्गात एकदा सांगितली होती.

पडदा काळा झाला असता तर मामा थांबले असते. निळा झाला असता तर आम्हांस मागे पाठविले असते. त्या दोन्ही बिघाडांत पडदा स्वतः सांगतो की माझ्यावर विसंबू नका. आम्ही केलेल्या बिघाडात तो काहीच सांगत नव्हता. उलट दिवसभरात सर्वांत सुंदर तो तेव्हाच दिसत होता.

नववीतील तो मुलगा निंबाच्या खोडामागे जाऊन उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, कारण बटणे दाबताना पुष्कळांनी त्याला पाहिले होते. त्या क्षणी, 'त्याला आम्ही सांगितले,' एवढे तीन शब्द आम्ही मोठ्याने बोलावयास हवे होते. आम्ही मुलीला कडेवर घेऊन उभे राहिलो आणि बोललो नाही. मामांना आम्ही रात्री सांगितले, पत्नीस सांगितले. मुलासही दुसऱ्या दिवशी एकीकडे बोलावून सांगितले. तो म्हणाला, "जाऊ द्या, सर." पण मैदानावर जमलेल्या तीसचाळीस मुलांना आम्ही काही सांगितले नाही, आणि शाळेत ती पहिली आवृत्ती पसरली. तिला उत्तर म्हणून हे लिहून ठेवतो: त्याने विचारावे का असे विचारले होते, आम्ही नको म्हणालो. बटण त्याच्या बोटाने दाबले गेले, पण आज्ञा आमची होती.

त्या रात्री झोप आली नाही. वाचीत बसलो, तेव्हा अमेरिकेतील एका पित्याची हकीगत वाचनात आली. ते स्वतः मुलांचे डॉक्टर. २००२ साली घराच्या अंगणात गाडी मागे घेताना त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गाडीखाली सापडून गेला. आरशांत तो दिसलाच नव्हता. उंच गाडीच्या मागे लगतची जागा आरशांत येतच नाही. पुढे त्या मुलाच्या नावाने २००८ साली तेथे कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कायदा होऊनही मध्ये दहा वर्षे गेली. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना, मागे अडथळा आला की सूचना देणारे संवेदक सक्तीचे झाले आहेत. मामांची गाडी त्याहून जुनी. आम्ही दिवा मालवला आणि मुलीच्या पायांवरचे पांघरूण उगीचच दोनदा सारखे केले.

मंगळवारी पहाटे मामा परत निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी नववीतील त्या मुलाला घरून बोलावून आणविले. "तूंच सारकें कर," असे म्हणून पडदा त्याच्या पुढे केला. मुलाने यादी उघडली, ती खूण पुन्हा केली आणि सुविचार उलटा झाला. मग मामांनी त्याला गाडीच्या मागे उभे केले आणि चालकाच्या बाजूचा हात वर करावयास सांगितले. पडद्यावर हात उजवीकडे वर झाला. दुसरा हात, डावीकडे. अशी परीक्षा मामांनी तीन वेळा घेतली. या वेळी आम्ही गाडीत नव्हतो. मुलीचा हात धरून पाराच्या पलीकडे उभे होतो.

गिअर पडला, पांढरा दिवा लागला. पहाटेच्या धुक्यात काही नीटसे दिसत नव्हते, पत्र्यावर पडणारी थाप तेवढी ऐकू येत होती, आणि माळव्यात वाढलेल्या त्या मुलाचा आवाज, "येवं दी... येवं दी... येवं दी..."